'आयर्नी' आणि आपला 'उपरोध'

'आयर्नी'ला 'उपरोध' हा प्रतिशब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्याविषयी शंका घेणे म्हणजे उगाच खुसपट काढणे वाटावे. तरीही ते काढणे भाग आहे. 'ईडिपस राजा'तील आयर्नी स्पष्ट करताना एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, की सॉफोक्लीज नायकाची खिल्ली उडवतो. चूक त्याची नव्हती. आम्ही शिकवलेल्या शब्दाची होती.

मूळ ग्रीक शब्द 'एइरोनेइया'. तसे वागणारा तो 'एइरोन', म्हणजे असून नसल्याचा आव आणणारा. अॅरिस्टोफेनीसच्या 'मेघ' नाटकात (इ.स.पू. ४२३) हा शब्द शिवीवजा विशेषणांच्या माळेत येतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस सॉक्रेटिसवर भडकतो तोही याच शब्दाने: हा नेहमीप्रमाणे अज्ञानाचे सोंग घेऊन उत्तर टाळतो आहे! अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात मात्र शब्दाला थोडी प्रतिष्ठा लाभते. बढाईखोर 'अलाझोन' आहे त्याहून अधिक मिरवतो, एइरोन आहे तेही कमी करून सांगतो. दोघेही सत्यापासून ढळलेलेच, पण दुसरा अधिक सुसंस्कृत. आपल्याकडे यासाठी वाक्प्रचार तयारच आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. पेडगावच्या वाटेवर टिंगल असेलच असे नाही. सोंग मात्र हवेच.

पुढे लॅटिनमध्ये, विशेषतः क्विंटिलियनच्या हाती, बोलण्याच्या उलट अर्थ घ्यावा असा हा अलंकार झाला. आपला 'उपरोध' या मधल्या टप्प्यापाशीच थबकलेला दिसतो. संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा. मराठीत तो बोचऱ्या बोलण्यापर्यंत आला. सोंगाचा अर्थ वाहणारा शब्द होता 'व्याज', व्याजस्तुती-व्याजोक्तीतला. पण आज तो उच्चारला की बँकेचे पासबुक डोळ्यांपुढे येते. असो.

१८३३ साली कॉनप थर्लवॉलने सॉफोक्लीजच्या आयर्नीवर निबंध लिहिला, आणि इंग्रजी समीक्षेत ही संज्ञा शोकात्मिकेलाही लागू होऊ लागली. येथे मूळ अर्थ उलटा झाला आहे. सॉक्रेटिस जाणत असून न जाणल्याचे दाखवतो. ईडिपस खरोखरच जाणत नाही, आणि जाणत असल्याच्या खात्रीने बोलतो. लायसच्या मारेकऱ्याला तो शाप देतो, तेव्हा तो कोणाच्या माथी बसणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. यात टोमणा कोण कोणाला मारतो? कोणीच नाही. जाणणे आणि बोलणे यांतले अंतर तेवढे ग्रीकांपासून टिकून राहिले आहे, आणि 'उपरोध' म्हणताच नेमके तेच हातचे जाते.

मी वर्गात आता 'आयर्नी' हाच शब्द ठेवतो आणि पेडगावापासून सुरुवात करतो, जरी ईडिपसपर्यंत ती वाट पोचत नाही. 'नाट्यगत उपरोध' पुस्तकांतून काढता येणार नाही. निदान प्रश्नपत्रिकेत तरी तो घालू नये.