सीप्झची भिंत आणि साकीनाक्याचा गाळा

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार अशी बातमी आली आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. एक लाख ५४ हजार कोटींची गुंतवणूक हातची गेली म्हणून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्या कारखान्यावरून आपण भांडलो, तो इकडेही झाला नाही आणि तिकडेही नाही.

तरीही औद्योगिक धोरणावरची आपली चर्चा ‘कुठला प्रकल्प कोणी पळवला’ याच्यापुढे सरकत नाही. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. सरकार उद्योगांना जमीन, करसवलत आणि रोख अनुदान देतं, ते शेवटी कोणापर्यंत पोचतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या क्षेत्रात एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘आयटी वाढलं, कारण सरकारचं तिकडे लक्षच नव्हतं.’ अंधेरीत राहणाऱ्या माणसाने तरी हे बोलू नये. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सरकारी पैशातून आणि युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिली. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं. तिथे यंत्रं आयात शुल्काशिवाय आणता येत होती, अट होती ती माल निर्यात करण्याची. देशातल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअर निर्यातदारांपैकी काहींनी तिथेच बस्तान बसवलं. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि निर्यातीच्या नफ्यावरची करमाफी मार्च २०११ पर्यंत चालू राहिली. माझा पगार या धोरणांच्या खांद्यावर उभा आहे. तेव्हा सरकारने उद्योगात पडावं की नाही, हा वाद आपल्यापुरता तरी मिटलेला आहे. वाद आहे तो कोणासाठी आणि कोणत्या अटीवर पडावं, याचा.

१९७३ मध्येच तैवानने आयटीआरआय ही सरकारी संशोधन संस्था स्थापन केली. १९७६ मध्ये तिने अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्रज्ञान घेतलं, आपले इंजिनिअर तिकडे शिकायला पाठवले आणि शिकलेलं ज्ञान देशी कंपन्यांच्या हवाली केलं. आज जगभर ज्या टीएसएमसीचं नाव घेतलं जातं, ती कंपनी १९८७ मध्ये याच संस्थेतून निघाली. त्याच संस्थेने लहान कारखान्यांनाही तंत्रज्ञान दिलं. सीप्झचा जन्मही इलेक्ट्रॉनिक्ससाठीच झाला होता, पण त्याची रचना बंदिस्त होती. आज ते विशेष आर्थिक क्षेत्र आहे. कस्टम्सच्या दृष्टीने ते देशाबाहेर धरलं जातं, फाटकातून आत-बाहेर होणाऱ्या मालाची नोंद होते. निर्यातीसाठी हे सोयीचं असेल. पण आतलं यंत्र आणि आतलं कसब बाहेरच्या गल्लीत झिरपावं, अशी सोय त्या रचनेत कोणी ठेवली नाही.

त्या भिंतीपासून दोन-तीन किलोमीटरवर साकीनाका आहे. खैरानी रोडच्या आजूबाजूला, जरीमरीच्या गल्ल्यांत गाळ्याला गाळा लागून आहे. कुठे शिलाई, कुठे जरीकाम, कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे लेथ. मालक आणि कारागीर, दोघांतही आपल्या समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. हे फक्त साकीनाक्याचं चित्र नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, हिंदूंमध्ये हेच प्रमाण ५५ टक्के होतं. काही बँका ठरावीक वस्त्या ‘निगेटिव्ह झोन’ धरून तिथे कर्ज देणं टाळतात, हेही त्याच अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे जो समाज नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जास्त जगतो, त्याच्याच दारात बँक येत नाही.

औद्योगिक धोरण नेमकं इथे अडकतं, कारण आपल्याकडची बरीचशी मदत बँकेमार्फत येते किंवा मोठ्या गुंतवणुकीला मिळते. १९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा योजना आली, ती कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांची सूट देणारी होती. ज्या भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याला बँकेचं कर्जच मिळत नव्हतं, त्याला व्याजातली सूट काय कामाची? २०२० पासूनच्या पीएलआय योजनांसाठी केंद्राने १४ क्षेत्रांत मिळून १ लाख ९७ हजार कोटींची तरतूद केली. मोबाइल बनवण्यासाठीची अट होती चार वर्षांत परदेशी कंपनीने १,००० कोटी आणि भारतीय कंपनीने २०० कोटी गुंतवण्याची. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पात तर ५० टक्के खर्च केंद्र आणि २० टक्के गुजरात सरकार उचलणार, असं ठरलं. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे.

यावर उत्तर येतं की चिप गाळ्यात बनत नाही. खरं आहे. मोठे कारखाने हवेतच, आणि देशातून मोबाइलची निर्यात वाढली हेही खोटं नाही. लहानांना नुसतं राखून ठेवण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. एकेकाळी आठशेहून अधिक वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. त्या धोरणाने लहानांना वाचवलं, पण मोठं होऊ दिलं नाही. राखीव यादीतल्या शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये काढल्या गेल्या. ते दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही.

मी म्हणतो, जे मोठ्यांना देता त्याला अटी घाला आणि त्यातलं काही गल्लीपर्यंत पोचवा. दक्षिण कोरियाने आपल्या बड्या कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यातीचं लक्ष्य समोर ठेवून दिलं. आपणही जनतेच्या पैशाच्या बदल्यात मागू शकतो की अमुक इतके सुटे भाग जवळच्या लहान कारखान्यांकडून घ्या, अमुक इतक्या मुलांना शिकाऊ म्हणून ठेवा, आणि किती अनुदान घेतलं व किती रोजगार दिले हे दरवर्षी जाहीर करा.

दुसरी मागणी अधिक जवळची आहे. जानेवारी २०२४ मध्ये सीप्झमध्ये हिरे-दागिने उद्योगासाठी ‘भारत रत्नम’ नावाचं मोठं सामायिक सुविधा केंद्र सुरू झालं. धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगसारखी यंत्रं एकाच ठिकाणी मिळावीत, ही कल्पना उत्तम आहे. मग असंच एक केंद्र साकीनाक्यात का नको? मालाडच्या इमिटेशन दागिन्यांच्या कारागिरांसाठी का नको? लहान उद्योगांच्या समूहांना अशी केंद्रं उभारून देण्याची योजना केंद्राकडेही आहे आणि राज्याकडेही. ती मागणारे संघटित लागतात.

आणि तिसरी मागणी जागेची. डिसेंबर २०१७ मध्ये खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकान-कारखान्याला आग लागली आणि १२ कामगार गेले. ज्या जागेत काम, त्याच जागेत झोप, हे उपनगरातल्या असंख्य गाळ्यांचं वास्तव आहे. कायदेशीर, परवडणारी आणि आग लागली तर बाहेर पडता येईल अशी जागा हीसुद्धा औद्योगिक धोरणाचीच बाब आहे. ती फक्त अग्निशमन दलाच्या नोटिशीवर सोडून चालणार नाही.

यात आपल्यासारख्या शिकलेल्या तरुणांचं काम मोठं आहे. उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते, तरी ती केलेली नसल्यामुळे कितीतरी गाळे सरकारच्या हिशेबात नसतातच. विनातारण कर्जाला हमी देणारी योजना २००० सालापासून आहे, पण बँकेत जाऊन तिचं नाव घेणारा हवा. एखाद्या गल्लीतल्या वीस गाळेवाल्यांना एकत्र बसवून त्यांचे कागद नीट करणं आणि त्यांच्या नावाने सुविधा केंद्राचा प्रस्ताव लिहिणं, हे सुट्टीच्या दिवशी आपल्यापैकी कोणीही करू शकतो. हे समाजावर उपकार म्हणून करायचं नाही. कर आपणही भरतो, त्याचा हिशेब मागायचा आहे.

पुढच्या वेळी एखादा उमेदवार मतं मागायला आला आणि गुजरातला गेलेल्या कारखान्याचं दुःख सांगू लागला, तर त्याचं जरूर ऐकून घ्या. मग त्याला विचारा: जो धंदा साकीनाक्यातून कुठेच गेलेला नाही, त्याच्यासाठी तुम्ही काय आणणार आहात?