डॉलर आत, लेकरू बाहेर

‘पैसे गुंतवा, बायकामुलांसकट ग्रीन कार्ड घ्या,’ असं अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसाबद्दल सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबून सीबीडी बेलापूरमधला एखादा व्यावसायिक हिशेब मांडतो. हिशेबात डॉलर असतात, मुलीची जन्मतारीख नसते.

मूल अविवाहित आणि २१ वर्षांखालचं असेल, तरच त्याला आईबापाबरोबर व्हिसा मिळतो. वर्षं मात्र इथूनच सरायला लागतात. २०२२च्या कायद्याने किमान गुंतवणूक ८ लाख डॉलर केली. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. एकट्याने पाठवायचे तर पैसे पोचेपर्यंतच काही वर्षं जातात, आणि मुलाचं वय वाढत राहतं.

यावर ‘२००२चा मुलांच्या वयाला संरक्षण देणारा कायदा आहे ना!’ असं उत्तर मिळतं. आहे, पण अर्धाच. अर्ज तपासणीत पडून राहिला तेवढाच काळ वयातून वजा होतो. मंजुरीनंतर व्हिसाच्या रांगेत गेलेला नाही. समजा, अर्जाच्या वेळी मुलगी १७ वर्षांची. तपासणीत तीन वर्षं गेली, रांगेत पाच. वय २५, वजा ३, उरले २२. आईबापाला ग्रीन कार्ड, मुलगी बाहेर! कुठल्याही खास प्रकल्पासाठी राखून न ठेवलेल्या व्हिसांची ही रांग बापाने लावलेली नाही. एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त व्हिसा न देण्याच्या नियमाने लावली आहे.

‘सज्ञान मुलांनी आपल्या पायावर उभं राहावं, श्रीमंतांच्या पोरांसाठी कायदा कशाला वाकवायचा?’ हा दुसरा आक्षेप. तो बिनतोड वाटतो, पण गैरलागू आहे. अर्ज केला तेव्हा मूल नियमात बसत होतं, एवढंच म्हणणं आहे. आणि श्रीमंतीचं म्हणाल, तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राबणाऱ्या नोकरदारांची मुलंही अशाच रांगेत एकविशी ओलांडतात.

म्हणून मुलाचं वय अर्जाच्या तारखेलाच गोठवावं. अमेरिकन नागरिकाने आपल्या मुलासाठी अर्ज केला, तर त्याच २००२च्या कायद्याने वय त्या दिवशी थांबतं. नागरिकाच्या लेकराला मिळणारा हा न्याय, ज्याच्या पैशातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या करून घेतल्या जातात त्याच्या लेकराला का नाही?

तोवर पालकांनो, सल्लागाराने परताव्याचा तक्ता पुढे केला की आधी विचारा: रांग किती वर्षांची, आणि तेव्हा माझ्या मुलाचं वय काय धरलं जाईल? उत्तर लेखी मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.