'तो लहानपणापासून असाच आहे'

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादी तरी 'अल्लाह मियाँ की गाय' असते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सलामाचा जवाब मिळतो, पण पुढे दोन शब्द बोलायला पाय थांबत नाहीत. दुसऱ्या घरात एखादा 'किताबी कीडा' असतो, तिसऱ्या घरात 'सनकी'. आमच्या इचलकरंजीत शेजारचे मराठी घर अशा मुलाला 'घुम्या' म्हणते, 'एककल्ली' म्हणते, नाहीतर सरळ 'खुळं' म्हणून मोकळे होते. नावे ठेवण्यात आपली उर्दू आणि शेजाऱ्यांची मराठी दोन्ही सारख्याच श्रीमंत आहेत. ज्याला नाव ठेवले त्याला आतून काय वाटते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

अलीकडे ही मुले स्वतःच विचारू लागली आहेत. वय वीस ते पंचवीस. कॉलेज संपत आलेले, किंवा नोकरीचे पहिले वर्ष. मोबाईलवर ऑटिझमबद्दल काहीतरी वाचनात येते आणि वाटते, हे तर माझेच वर्णन आहे. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीने आम्हाला हेच विचारले. घरी बोललीस का, असे आम्ही म्हटल्यावर ती म्हणाली, "अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, तू तर लहानपणापासून अशीच आहेस, आताच काय झालं?"

अम्मीने हे वाक्य विषय संपवण्यासाठी वापरले. आम्हाला वाटते, विषय तिथूनच सुरू व्हायला हवा होता. कारण ऑटिझमची शंका घेऊन मोठे माणूस डॉक्टरांकडे जाते, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, "हे लहानपणापासून आहे का?"

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रूढ आहे, पण त्याने एक गैरसमजही होतो. वाटते की हे माणूस स्वतःतच रमलेले आहे, त्याला कुणाची पर्वा नाही. तसे नसते. अनेकांना माणसे हवी असतात, दोस्ती हवी असते, निकाह करून संसारही करायचा असतो. फक्त माणसांत वावरण्याचे जे नियम बाकीच्यांना न शिकवता येतात, ते यांना एकेक करून शिकावे लागतात. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी वेगळी असते. हा ताप किंवा खोकला नव्हे की औषध घेतले आणि उतरला.

डॉक्टर दोन बाजू पाहतात. पहिली, बोलण्या-वागण्यातील देवाणघेवाण. समोरच्याचा चेहरा, आवाजातला फरक, थट्टा, सूचक बोलणे पटकन लक्षात येत नाही. पाहुणे म्हणतात, "अरे, उठतो आता," आणि हा खरोखरच त्यांना दारापर्यंत पोहोचवून येतो. आग्रह करून बसवायचे असते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. दुसरी बाजू, ठरलेपणाची ओढ आणि इंद्रियांची तीव्रता. तेच ताट, तीच जागा, तोच रस्ता. एखाद्या विषयात, मग ते एसटीचे वेळापत्रक असो, क्रिकेटचे जुने आकडे असोत की तजवीदचे नियम, इतके खोल जाणे की बाकी सगळे विसरावे. कॉलरच्या आतली चिठ्ठी टोचते म्हणून सदरा घालवत नाही. आमच्या गावात हे विशेष दिसते. एखादा मुलगा मागांच्या खडखडाटात शांत झोपतो, कारण तो आवाज एका लयीत असतो आणि कधी काय येणार ते ठाऊक असते. तोच मुलगा शादीखान्यात अचानक वाजलेल्या स्पीकरने कान झाकून बाहेर पळतो. घरचे म्हणतात, नाटक करतो. पण त्याच्यासाठी हे दोन आवाज सारखे नसतात.

या दोन्ही बाजू लहानपणापासून असाव्या लागतात आणि त्यामुळे जगण्यात अडचण यावी लागते. यातील एखाददुसरी खूण तर प्रत्येकात सापडते.

मग हे वीस वर्षे कुणाच्या लक्षात का आले नाही? याचे एक कारण इतिहासात आहे. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन केले, 1944 साली व्हिएन्नात डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी. दोघांनी मुलेच पाहिली होती. त्यामुळे हा मुलांचाच प्रश्न आहे, असे पुढे कितीतरी वर्षे मानले गेले. पण मुले मोठी होतातच. कॅनर यांच्या यादीतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मोठेपणी बँकेत नोकरी करत होता, गाडी चालवत होता, देशोदेशी फिरला आणि 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी वारला. 1981 साली ब्रिटनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी लिहिल्यानंतर, चांगले बोलणारी, शिकलेली माणसेही यात असू शकतात, हे हळूहळू मान्य झाले.

आपल्या देशात तर हे अगदी कालपरवाचे आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये त्याला जागा मिळाली. आज जो तरुण पंचविशीत आहे तो दहावीला होता, त्या सुमारास हे घडत होते. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'हुशार, पण अबोल' यापलीकडे काही लिहिलेले नसले तर नवल नाही.

दुसरे कारण आपल्या घरांत आहे, आणि ते मुलींच्या वाट्याला जास्त येते. मुलगा गप्प राहिला तर निदान कुणीतरी विचारते. मुलगी नजर खाली ठेवते, कमी बोलते, मैत्रिणींत मिसळत नाही, तर आपण म्हणतो, किती हयादार मुलगी! शिवाय मुली दुसरीकडे बघून शिकतात. चुलत बहीण कशी हसते, कुठे 'माशाअल्लाह' म्हणते, पाहुण्यांसमोर कशी बसते, हे सगळे पाठ करून त्या निभावतात. ईदच्या दिवशी दहा घरी जाऊन सर्वांशी गोड बोललेली मुलगी दुसरा संपूर्ण दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहते, आणि आपण म्हणतो, दगदग झाली. एका मुलीमागे चार मुलगे, असे प्रमाण पूर्वी सांगत. 2017 साली जगभरातील अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा ते तीनच्या आसपास निघाले. मुली नजरेतून सुटतात, हे आता तज्ज्ञ मान्य करतात. अशी मुलगी सासरी जाते, सगळे पाठांतर नव्याने करावे लागते आणि तिथे ती कोलमडते. मग दोष तिच्या स्वभावाला नाहीतर माहेरच्या संस्कारांना लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 127 माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. 2011 च्या जनगणनेत इचलकरंजीची लोकसंख्या 2 लाख 87 हजार होती. हिशेब केला तर एकट्या या गावात सव्वादोन हजारांच्या आसपास माणसे होतात. ती कुठे आहेत? मागावर आहेत, सायझिंगमध्ये आहेत, मेंडिंगच्या टेबलाशी वाकून कापडातला एकेक दोष शोधत आहेत, मशिदीत सफच्या अगदी टोकाला उभी आहेत.

आता तरुण वाचकांशी दोन शब्द. मोबाईलवरची प्रश्नावली सोडवून निकाल लावू नका. केंब्रिजच्या संशोधकांनी 2001 साली मोठ्या माणसांसाठी 50 प्रश्नांची एक यादी तयार केली. ती प्रसिद्ध आहे, पण पुढे तपासणी करावी का, एवढेच ती सांगते. ऑटिझमसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टीही असतात. लाजाळू माणसाला काय बोलायचे ते बहुधा कळत असते, धीर होत नसतो. वसवसा असलेला माणूस पुन्हा पुन्हा वुजू करतो, पण त्याला त्यातून सुटका हवी असते. ऑटिस्टिक माणसाला ठरलेल्या क्रमातून आराम मिळतो. उदासीचा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो आणि पूर्वीचा हसरा माणूस गप्प होतो. कमी ऐकू येणेही असते, आणि मागांच्या गावात कान आधी तपासून घेतलेले बरे. कधी यांतील दोन गोष्टी एकत्रही असतात. म्हणून जाणकाराची गरज.

जाणकार म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय आपल्याला जवळ आहे. मोठ्यांच्या ऑटिझमची तपासणी करणारे कमी असल्याने पुढे पुणे-मुंबईला पाठवले जाऊ शकते. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो. यासाठी रक्ताची चाचणी नसते, डोक्याचा फोटो नसतो. बोलणे असते, निरीक्षण असते आणि बालपणाची चौकशी असते. म्हणून जाण्याआधी एका वहीत लिहून काढा. पहिला शब्द कधी बोललात, खेळताना काय करत होता, शाळेत कशाचा त्रास व्हायचा, आता कशाचा होतो. जुनी प्रगतिपुस्तके शोधा. आणि शक्य असेल तर अम्मीला किंवा खालाला बरोबर न्या. तुमची चार-पाच वर्षांची आठवण तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

तपासणी आणि सरकारी प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रासाठी भारतात तयार केलेली 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरले तर उच्च शिक्षणात 5 टक्के जागांचा आणि सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षणाचा हक्क दिव्यांगांना आहे. नोकरीच्या त्या चारमधील 1 टक्का ऑटिझम आणि आणखी काही प्रकारांसाठी मिळून आहे. अनेकांना प्रमाणपत्राची गरज पडणार नाही. आपण वेडे नाही, आळशी नाही, उद्धट नाही, एवढे कळले तरी त्यांचे अर्धे ओझे उतरते.

आणि आता घरातल्या मोठ्यांशी. मुलाने हा प्रश्न विचारला की आपल्याला पहिली भीती रिश्त्याची वाटते, दुसरी बदनामीची, आणि आईला तिसरी, माझे काय चुकले? आईचे काही चुकलेले नाही. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असे एकेकाळी मोठमोठे डॉक्टर म्हणत. ते खोटे ठरले. लसीमुळे होतो, असे सुचवणारा 1998 चा लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 साली मागे घेतला. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. नजर, असर म्हणून आमिलकडे पैसे घालवू नका. दुआ जरूर करा. ती करायला पैसे लागत नाहीत.

रिश्त्याचे म्हणाल तर हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येकाविषयी जे होते ते स्पष्ट सांगितले. कोण गरीब, कोण कडक, काही झाकले नाही. लपवून केलेल्या निकाहपेक्षा सांगून केलेला निकाह टिकण्याची आशा जास्त. आमच्या मुलाला गर्दी सोसत नाही, त्याच्याशी सरळ बोलावे लागते, पण तो शब्दाचा पक्का आहे, एवढे सांगण्यात कमीपणा कसला?

चित्रपटांचे दाखले आम्ही सहसा देत नाही. पण 2010 च्या 'माय नेम इज खान'मधील एक गोष्ट इथे उपयोगी आहे. बोरिवलीत वाढलेल्या रिजवानला आई जिवापाड जपते, पण त्याच्या वेगळेपणाचे नाव कुणालाच माहीत नसते. तो मोठा होऊन अमेरिकेत भावाकडे जातो, तेव्हा ते ओळखते त्याची भावजय. ती शिकलेली होती हे खरे, पण तिने घरात त्याच्याकडे नीट पाहिले, हेही तितकेच खरे.

नीट पाहणे ही आपली शिकवणच आहे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे. 'खब्ती', 'सनकी' त्यातच आले. सहीह मुस्लिममधील हदीस आहे की बुद्धीने थोडी वेगळी असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) काम घेऊन आली. त्यांनी तिला टाळले नाही, हसले नाहीत. कोणत्या गल्लीत थांबून बोलायचे ते तिलाच ठरवू दिले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत थांबले. जागा तिने निवडायची आणि वेळ ऐकणाऱ्याने द्यायचा. आपल्या घरासाठी याहून चांगला नियम कोणता?

हा नियम घरात पाळायला खर्च येत नाही. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. लग्नात तासाभराने बाहेर जायची मुभा द्या. आडून बोलू नका, हवे ते स्पष्ट सांगा. तपासणीत 'ऑटिझम नाही' असे निघाले तरी हे चालू ठेवा, कारण नाव निघाले नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

आणि मुलाने किंवा मुलीने विचारले, "मी असा का?" तर 'लहानपणापासून असाच आहेस' एवढ्यावर थांबू नका. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडा, "बस, मला काय काय आठवतं ते सांगते." अल्लाह आपल्या घरांना ऐकणारे कान देवो. आमीन.