यादी पोळ्याला, सामने दिवाळीनंतर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. चांदूर रेल्वेपासून जवळच्याच एका गावी महिलांचे खुले कबड्डी सामने होते. प्रथमोपचाराच्या टेबलावर मी बसलो होतो. अंतिम सामना सुरू झाला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. चढाईला निघालेली एक एकोणीस वर्षांची मुलगी मध्यरेषेपर्यंतही पोहोचली नाही. ती आधी खाली बसली आणि मग आडवी झाली. तिला कोणी पकडले नव्हते की धक्का दिला नव्हता.

तिला बाजूला निजवून पाय उंच केले. शुद्धीवर आल्यावर विचारले, "बेटा, जेवली होती का?"

"सकाळी चहा-पोळी खाल्ली होती जी."

दुपारी चार वाजल्यापासूनचा तिच्या संघाचा हा चौथा सामना होता. मी तिच्या प्रशिक्षकाला म्हणालो, "हिच्या जागी दुसरी मुलगी उतरवा." तो हात जोडून म्हणाला, "आठच पोरी आल्या डॉक्टरसाहेब. एकीचा पाय मुरगळला. बारा नावं हायेत, पण कागदावरच."

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. आणि वाचकहो, 'खेळण्यास योग्य' या तिच्या प्रमाणपत्रावर सही माझीच होती. बारा मुलींच्या बारा कागदांवर मी दहा मिनिटांत सह्या केल्या होत्या. छातीला नळी लावली, वजन विचारून लिहिले, पण एकीचीही पापणी खाली ओढून पाहिली नाही. पाहिली असती तर ती पांढरीफटक दिसली असती.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. स्पर्धा भरवताना आपण मंडप, ढाल आणि पाहुणे यांची तयारी महिनाभर करतो. खेळाडूंची यादी आणि सामन्यांचे वेळापत्रक मात्र आदल्या रात्री उरकतो. खरे पाहता मुलींची प्रकृती या दोन कागदांवरच अवलंबून असते.

आधी यादीचे पाहू. कबड्डीत मैदानावर सात आणि राखीव पाच, अशा बारा जणी असतात. राखीव खेळाडू म्हणजे शोभेची नावे नव्हेत. दमलेल्या किंवा दुखावलेल्या मुलीला बाहेर बसता यावे, एवढ्यासाठी त्या असतात. म्हणून यादी करताना चढाई, कोपरा आणि मध्यरक्षण या प्रत्येक कामाला किमान एक तयार बदली असावी. बारा हव्या असतील तर पंधरा-सोळा जणींना सरावाला बोलवावे, कारण आपल्याकडे पेरणी, वेचणी, परीक्षा आणि पाहुण्यांचा 'बघण्याचा कार्यक्रम' यांत तीन-चार नावे गळतातच.

ही यादी पोळ्याच्या सुमारास पक्की करावी, असे माझे म्हणणे आहे. याला वैद्यकीय कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे बारा जणींच्या संघात सहा-सात मुलींचे रक्त कमी असणार, असेच धरून चालावे. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की रक्तक्षय आणि ८ च्या खाली असले की तीव्र रक्तक्षय समजतात. लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येते, पण एका रात्रीत नाही. त्याला दोन-तीन महिने लागतात. आदल्या दिवशी तपासले तर मुलीला फक्त घरी बसवता येते. तीन महिने आधी तपासले तर तिला बरी करून खेळवता येते. मुलींना तपासणीची भीती वाटते ती यासाठीच. तपासणी म्हणजे नाव कापणे, असा त्यांचा समज झालेला आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची मात्रा घ्यावी लागते. त्याबरोबर कारणही शोधावे लागते. पाळीत जास्त रक्त जाते का? शेतात अनवाणी फिरल्याने पोटात आकडीकृमी झाले आहेत का? जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू किंवा संत्रे खाल्ले तर ते चांगले लागते. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आपल्या बाजारात ढिगाने असतात. भाकरी, डाळ, हिरवी भाजी आणि वर एक संत्रे हा खेळाडूचा खुराक आपल्या आवाक्यातला आहे.

आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. वाहक मुलगी खेळू शकते, पण तिला पाणी आणि विश्रांती वेळच्या वेळी मिळालीच पाहिजे. सिकलसेलचा आजार असणाऱ्या मुलीने मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. विवाहित खेळाडूंनी दिवस राहिले असल्यास अशा झटापटीच्या खेळात उतरू नये. ही सर्व माहिती संघाच्या व्यवस्थापक बाईंजवळ बंद पाकिटात असावी. ती फळ्यावर लिहिण्याची गोष्ट नव्हे. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही, हे त्या मुलीने ठरवावे, दुसऱ्या कोणी नाही. आयोजकांनी स्वच्छ संडास, पाणी आणि पॅड यांची सोय करावी म्हणजे झाले.

आता वेळापत्रक. महिलांचा सामना १५ मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटे विश्रांती, म्हणजे अवघ्या ३५ मिनिटांचा. एवढ्याशा वेळेने काय होते, असे आयोजकांना वाटते. पण जिंकणाऱ्या संघाला बाद पद्धतीत एकाच दिवशी तीन-चार सामने खेळावे लागतात. मधल्या वेळेत अंग थंड पडते, पोटात अन्न नसते आणि झोप उडालेली असते. दमलेल्या पायाचा गुडघा लवकर दगा देतो. गुडघ्याच्या आतला दोर तुटण्याची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. उडी मारून नीट उतरणे, वळणे, मांड्या बळकट करणे असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटे केले तर हा धोका बराच कमी होतो. पण त्यालाही आठवडे हवेत. म्हणजे पुन्हा यादी आधीच ठरलेली हवी.

माझी सूचना अशी. एका रात्रीच्या बाद सामन्यांऐवजी तालुक्यातील आठ संघांची रविवारची साखळी भरवावी. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळला तर २८ सामने होतात. रविवारी सकाळी चार सामने ठेवले तर सात रविवारांत संपतात आणि कोणत्याही संघाला आठवड्यात एकाहून जास्त सामना पडत नाही. मांडणी सोपी आहे. वरच्या ओळीत १, २, ३, ४ आणि त्यांच्या खाली ८, ७, ६, ५ असे आकडे लिहावेत. समोरासमोरचे संघ खेळतील. पुढच्या रविवारी १ जागेवर ठेवून बाकीचे आकडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक-एक घर सरकवावेत. संघ सातच असले तर आठव्या आकड्यासमोर येणाऱ्याला त्या दिवशी विश्रांती. सामने सकाळी सातला सुरू करावेत. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात केली तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात साखळी आटोपते. ऊनही नाही आणि बारावी-दहावीच्या परीक्षाही पुढे असतात.

हे काही माझ्या मनचे खेळ नाहीत. ऑस्ट्रेलियात त्यांच्या देशी फुटबॉलची महिलांची साखळी फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथेही आठच संघ होते आणि अंतिम सामन्यापूर्वी सातच फेऱ्या. पुरुषांचे १८ खेळाडू मैदानात असतात तिथे महिलांचे १६ ठेवले. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. पुढे २०२२ मध्ये हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर असा हलवला आणि संघ १८ झाले. यादी किती जणींची असावी, फेऱ्या किती ठेवाव्यात, यावर तिथे दरवर्षी खल होतो. कबड्डी तर आपलाच खेळ. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू जगाला दाखवला. २०१० मध्ये आशियाई खेळांत महिलांची कबड्डी प्रथमच आली आणि सुवर्णपदक भारताने जिंकले. मग आपल्या पोरींच्या वेळापत्रकाचा असा खल आपण का करू नये?

यावर दोन आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे. पहिला असा की, एका रात्रीच्या सामन्यांना गर्दी होते, सात रविवार कोण येणार? गर्दी थोडी कमी होईल, हे खरे. पण दिवे, जनरेटर आणि रात्रीचा मंडप यांचा खर्चही वाचेल. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ते दिवस कापूस वेचणीचे. रविवारची मजुरी बुडवून मुलगी येईल कशी? म्हणून लांबच्या गावांचे सामने आधी लावावेत. प्रवासभाडे आणि नाश्ता आयोजकांनी द्यावा. बक्षिसाची सगळी रक्कम विजेत्या संघाला न देता प्रत्येक सामन्यामागे खेळाडूंना थोडी थोडी वाटावी. तरीही काही मजुरी बुडेल. पण रात्री एक वाजता मैदानावर कोसळलेल्या मुलीची त्यानंतरची किती दिवसांची मजुरी बुडते, हेही त्या हिशेबात धरावे.

सामन्याच्या दिवशी टेबलावर साखर-मिठाचे पाणी असावे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खेळाडू बेशुद्ध असताना तोंडात पाणी घालू नये. अंग तापलेले असून ती असंबद्ध बोलत असेल तर ओल्या कापडाने व वाऱ्याने अंग गार करीत १०८ ला फोन करावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. चार महिने उपचार घेतल्यावर तिचे हिमोग्लोबिन ११.६ पर्यंत आले. कागद घेऊन ती दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता तरी सही देसान ना?" मी आधी तिची पापणी खाली ओढून पाहिली, रिपोर्ट वाचला आणि मगच पेन उघडला. येत्या पोळ्याला ज्या संघांच्या याद्या तयार असतील, त्यांच्या मुलींची तपासणी मी याच रीतीने आणि विनामूल्य करीन. सही मात्र दहा मिनिटांत मिळणार नाही.