कमी उंचीचा डोंगर

भिलाईहून सुट्टीवर निघालो की गोंदियाकडच्या गाडीत मी खिडकी सोडत नाही. दुर्ग, राजनांदगाव सगळं सपाट, धानाच्या बांध्या. डोंगरगडला हजारावर पायऱ्यांची बम्लेश्वरीची टेकडी दिसते आणि तिथून जंगल सुरू होतं. बोरतलाव छत्तीसगडचं, पुढचं दरेकसा महाराष्ट्राचं. मधल्या डोंगरात निम्मा डबा झोपलेला असतो.

ही मैकलची दक्षिणेकडे उतरत आलेली टोकं. उंची फार नाही, पण पाणी वाटण्याचं काम हाच डोंगर करतो. पूर्वेच्या उतारावरचा पाऊस शिवनाथ आणि महानदीतून ओडिशाकडे जातो, पश्चिमेचा वाघनदी आणि वैनगंगेतून गोदावरीला मिळतो.

द्रास-कारगिल करून आलेले मित्र फोनवर हसतात. "तिथं कसला आलाय डोंगर!" मला हे पटत नाही. उंच पहाडात समोरची धार निदान दिसते. इथे श्रावणात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि सकाळी बूट न भिजवता ओलांडलेला नाला संध्याकाळी परत येऊ देत नाही. उन्हाळ्यात सागवान पार बोडका होतो. त्याचा वाळका पाला पायाखाली असा वाजतो की गस्त निघाल्याचं पलीकडच्या टेकडीला कळतं. साल, म्हणजे इथली सरई, तशी कधी उघडी पडत नाही. नकाशावर दोन्हींचा रंग एकच, हिरवा.

नकाशात माणसंही नसतात. याच पट्ट्यात एकदा मार्चअखेरीस पहाटे आम्ही गस्तीवर होतो. झाडांखाली तीन-चार ठिकाणी जाळ दिसले आणि वाकून हलणाऱ्या सावल्या. पुढच्या पोराने, नवीनच होता, रायफल खांद्याला लावली. सोबतच्या स्थानिक जवानाने त्याचा हात धरला. "महुआ बीनत हें, साहेब." मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, ती दिसावीत म्हणून आधी झाडाखालचा पाला जाळतात. गुरं यायच्या आत वेचायची, म्हणून अंधारातच घर सोडायचं. एका म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, वाटेतली टोपली बाजूला ओढली आणि पुन्हा खाली वाकली. ते पोर दिवसभर जेवलं नाही.

तो स्थानिक जवान त्या दिवशी रजेवर असता तर?

माझं म्हणणं एवढंच आहे. इथे येणाऱ्या तुकडीला उंची-उताराआधी जंगलाचं वर्ष शिकवा. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाची जत्रा असते, हजारो माणसं याच डोंगरातून येतात. मार्च-एप्रिलात मोह. मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा अख्खं गाव उजाडताच रानात. पलीकडे सोयरीक असलेली माणसं राज्याची हद्द दिवसातून दोनदा ओलांडतात, त्यांच्या लेखी ती हद्द नाहीच. कोणी म्हणेल, याच गर्दीत नको तो माणूसही मिसळतो. मिसळतो, खरं आहे. पण गर्दी कशाची आहे हेच माहीत नसेल तर तो ओळखणार कसा?

चार्ज देताना आपण दारूगोळ्याची यादी मोजून सही करून देतो. त्यासोबत हे एक पान द्यावं, आणि ते लिहिताना गावातला एखादा म्हातारा शेजारी बसवावा.