दोन रस्ते, एक टायर

मोटारसायकलीच्या टायरवर महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख लिहावा, हे काही प्राध्यापकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. कविता, प्रवासवर्णन आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत यांच्या पंगतीत रबराला पाट कोण मांडणार? परंतु अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातून कॉलेजात येणाऱ्या आम्हां मुलांचे अर्धे शिक्षण रस्त्यावरच होते. वस्तीपासून फाट्यापर्यंत मुरूम, चिखल आणि दगडगोटे. फाट्यापासून पुढे डांबर. म्हणजे आमच्याकडची प्रत्येक गाडी, मग ती शंभर सी.सी.ची जुनी का असेना, दोन्ही रस्त्यांची गाडी आहे.

‘ड्युअल-स्पोर्ट’ हे भारदस्त नाव ज्यांना मिळाले त्या गाड्या निराळ्या. डांबरी रस्त्यावर कायद्याने चालणारी, पण कच्च्या वाटेसाठी बांधलेली गाडी, असा त्याचा अर्थ. १९६८ साली यामाहाची डीटी-१ आली आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ मध्ये, रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ मध्ये आणि हीरोचीच एक्सपल्स २०१९ मध्ये आली. पाऊस सुरू झाला की मुंबई-पुण्याहून भंडारदऱ्याकडे अशा गाड्यांची रीघ लागते. माझ्या चुलत्यांचे पंक्चरचे दुकान त्याच वाटेवर आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे हाताखाली असतो, त्यामुळे या पाहुण्यांच्या टायरांशी माझी चांगली ओळख आहे. ती ओळख वाढत गेली तसे माझे मत पक्के झाले, की टायर घेताना माणसे गाडीची शोभा पाहतात आणि रस्ता पाहायचा विसरतात.

बटन टायर दिसायला रुबाबदार असतो यात वाद नाही. चिखलात त्याची बटने रुततात, पकड घेतात आणि चाक फिरताना मधल्या मोकळ्या जागेतून चिखल बाहेर फेकतात. तिथे साध्या नक्षीचा टायर दहा फुटांत गोटा होतो, कारण त्याच्या बारीक खाचा चिखलाने बुजतात. पण तोच बटन टायर डांबरावर आला की जमिनीला फक्त बटनांचे माथे टेकतात. रबर कमी टेकते, वळणावर बटने वाकतात, ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. रस्ता ओला असेल तर विचारूच नका. शिवाय मधली बटने डांबरावर भराभर झिजतात. कंपन्या ‘पन्नास-पन्नास’, ‘ऐंशी-वीस’ अशी प्रमाणे सांगतात. परंतु ती ज्या त्या कंपनीची स्वतःची मोजणी आहे, सर्वांना बांधणारे असे माप नाही. एका रस्त्याला दिलेले दुसऱ्या रस्त्याकडून काढून घेतलेले असते, एवढे मात्र सर्वच टायरांना लागू आहे.

मुंबईहून येणारा गडी दीडशेहून अधिक किलोमीटर डांबर तुडवतो, कसारा घाट चढतो आणि शेवटी धरणाकाठच्या चार-पाच किलोमीटर वाटेसाठी संपूर्ण बटनांचे टायर लावून येतो. त्याला विचारले तर उत्तर ठरलेले : “अडकायला होते ते कच्च्यातच ना?” युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मला तो मान्य नाही. चिखलात माणूस पडतो तो दहा-पंधराच्या वेगाने, कपडे भरतात, मित्र हसतात, झाले. डांबरावर पडतो तो साठच्या वेगाने, आणि मागून ट्रक येत असतो. जिथे पडणे महागात जाते त्या रस्त्यासाठी आधी टायर घ्यावा. मग उरलेल्यात कच्च्याची सोय पाहावी. रुंद ठोकळ्यांची, जवळजवळ बसवलेली नक्षी बहुतेकांना पुरते. ज्याची निम्म्याहून अधिक वाट खरोखरच कच्ची आहे त्याने बटने खुशाल लावावीत.

आमच्या वस्तीवरच्या एकाने दुधाच्या किटल्या नेताना चिखलात घसरायला होते म्हणून मागे-पुढे बटने लावली. वस्तीवर महिनाभर कौतुक झाले. पुढे भर पावसात घाटाच्या वळणावर गाडी आडवी झाली आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. आवणीचे दिवस होते. त्या घरात दुसरा गडीमाणूस नाही. शेजारपाजारच्यांनी दोन दिवस जाऊन भात लावून दिले. दूध मात्र कोण नेणार?

अर्थात, निवडीची चैन आमच्याकडे थोड्यांनाच परवडते. टायरची एक जोडी म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. तेव्हा टायर गोटा होईपर्यंत चालतो, आणि नंतरही चालतो. त्यातही लोक मागचा तेवढा बदलतात, कारण तो लवकर झिजतो. पुढचा वर्षानुवर्षे तसाच. नक्षी दिसते आहे ना, मग कशाला खर्च? पण ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे येते आणि खरे थांबवते ते पुढचेच चाक. जुने रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत असूनही पकड गेलेली असते. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात : ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. कॉलेजच्या स्टँडवर मी सहज वाकून पाहिले, तर काही टायर त्यांच्या मालकांनी दहावीची परीक्षा दिली त्याच्याही आधीचे निघाले.

आता बदलण्याविषयी. तारांच्या रिमचे, ट्यूबचे चाक वाटेत बसले तर स्वतः खोलता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. लाखो रुपयांची गाडी घेऊन आलेला माणूस मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर चढतो, तेव्हा चुलते नुसते हसतात. काम ताकदीचे नाही. चाक काढताना बुश कोणत्या बाजूचे होते ते लक्षात ठेवावे. वॉलची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी, पायाने टायरची कड रिमपासून सोडवावी, साबणाचे पाणी लावावे. खरी मेख पुढे आहे. लिव्हर घालाल त्याच्या बरोबर समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरावी, म्हणजे लिव्हरकडे ढिलाई मिळते. हे न करणारे लोक लिव्हरवर लोंबकळतात आणि नवी ट्यूब चिमटून फाडतात. आतून हात फिरवून बाभळीचा काटा शोधल्याशिवाय ट्यूब घालू नये. बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही पाहावे. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबरावर येताच ती भरावी. नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेपून शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या पंक्चरांत ही जोडछिद्रे पुष्कळ असतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खड्डे खणतो, भिंती रंगवतो. यंदा एक सकाळ कॉलेजच्या गाडीतळावर टायर खोलण्यासाठी ठेवावी, अशी सूचना मी करतो. मुलींनीही यावे, आमच्या भागातून स्कूटी घेऊन येणाऱ्या त्याही आहेत. लिव्हर मी चुलत्यांच्या दुकानातून आणीन. साबण कॉलेजने द्यावा.