साडेतीनशे शब्दांत मी

मुलांनो, आमची भाची कॅलिफोर्नियात बारावीला आहे. परवा फोनवर रडवेली होऊन म्हणते, ‘‘मामा, त्यापेक्षा एक परीक्षा घेतली असती तर बरं झालं असतं!’’ आता बोला!

तिकडे हायस्कूल नववी ते बारावी. तिथून थेट चार वर्षांच्या पदवीला जायचं, तर बारावी चालू असतानाच अर्ज करायचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवीसाठी नऊ ठिकाणं आहेत: बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस वगैरे. अर्ज मात्र एकच. (फी ज्या त्या ठिकाणाची वेगळी हं, आई-बाबा!) दहावी-अकरावीचे गुण बघतात, ‘सॅट’चे गुण प्रवेशासाठी २०२१ पासून बघतच नाहीत. शिवाय आठ प्रश्नांपैकी चार निवडून स्वतःविषयी लिहायचं, प्रत्येकी फार तर साडेतीनशे शब्द.

घोडं अडलं ते इथेच. ताईने रात्री जागून लेकीचं एक उत्तर ‘सुधारलं’. त्यात जिद्द होती, नेतृत्व होतं, भाची तेवढी नव्हती! तिने ते सरळ खोडलं. घरात दोन दिवस अबोला.

मग तिने लिहिलं धाकट्या भावाविषयी. आजीशी फोनवर बोलता यावं म्हणून ती त्याला रोज मराठी शिकवते, आणि तो अजून ‘बाळ’ला ‘बाल’च म्हणतो. ताईने वाचलं, काही न बोलता कणीक मळायला गेली.

अर्ज गेलाय. निकाल मार्चअखेर. तोवर अभ्यासाला सुट्टी नाही बरं का, बारावीत गुण घसरले तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो!